रंगीत मेंदू आणि 'हो ना'

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मानसशास्त्राची जागा आता मेंदूविज्ञान घेणार, अशा आशयाचा लेख आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आला आहे. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण लेखकाच्या मनात ते नसावं. शेजारी अर्धं पान भरून मेंदूचं चित्र होतं. करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके आणि खाली ओळ, 'प्रेमाचा पत्ता सापडला'. त्याच दुपारी भाचीचा फोन आला. ती मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, मी चुकीच्या विषयाला प्रवेश घेतला का गं?" तिला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, ते इथे लिहिते आहे. पत्र लांबलं तर कात्री लावायचा अधिकार तुमचाच, फक्त 'हो ना'चा भाग तेवढा कापू नका.

मी वाचाउपचारतज्ज्ञ. एकतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. अर्धांगाचा झटका आल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर ज्यांची वाचा जाते, त्यांना पुन्हा बोलतं करायची खटपट हे माझं काम. म्हणजे मी ना धड मानसशास्त्रज्ञ, ना मेंदूविज्ञानाची. हातात स्कॅनचा रिपोर्ट आणि समोर माणूस, आणि या दोघांचा एकमेकांशी मेळ बसेना म्हणून डोकं खाजवत बसलेली मी, अशी ही सगळी वर्षं गेली.

'हो ना' हे माझे एक पेशंट. जन्मभर हिशेबनीस म्हणून काम केलेले गृहस्थ. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं म्हणून फक्त 'हो ना' एवढंच उरलं. नाव काय तुमचं? हो ना. दुखतंय का? हो ना. रागावले तरी हो ना, हसू आलं तरी हो ना, अनोळखी माणूस दारात दिसला की भुवया उंचावून हो ना? त्यांच्या बायकोला ही भाषा तीन आठवड्यांत कळायला लागली, मला त्याहून जास्त वेळ लागला. गंमत अशी, की मी 'एक' म्हणून सुरुवात करून दिली की ते दहापर्यंत न अडखळता म्हणायचे. नुसतं 'सात' म्हणा म्हटलं तर जमायचं नाही. एकपासून निघून सातवर यावं लागे, आणि तिथे थांबताही येत नसे. राग अगदीच अनावर झाला की एक कडक शिवी बाहेर पडायची, स्पष्ट आणि खणखणीत. बायको लाजेने खाली बघायची, मी वहीत तारीख टाकून टिपून घ्यायचे.

त्या शिवीचा मला आनंद का व्हायचा, तर असाच एक माणूस दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात होऊन गेला होता. लबोर्न्य हे त्याचं आडनाव, पण सगळे त्याला 'ताँ' म्हणत, कारण तिशीत वाचा गेल्यापासून त्याला तेवढंच एक अक्षर येत होतं. बहुतेक वेळा तो ते जोडीने म्हणायचा, ताँ ताँ. आणि हो, चिडल्यावर देवाच्या नावाने घातलेली एक फ्रेंच शिवीही यायची. १८६१च्या एप्रिलमध्ये पाय सडायला लागल्यामुळे त्याला पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे आणलं. ब्रोकाने त्याला विचारलं, इथे किती वर्षं आहेस? लबोर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. रुग्णालयाच्या दप्तरातही एकवीसच निघाली.

थोड्याच दिवसांत तो गेला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळापुढे ठेवला. डाव्या अग्रखंडात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, खड्डा होता. मेंदूतल्या ठरावीक जागेचा ठरावीक कामाशी संबंध असतो, याचा वैद्यकाला पटलेला पहिला भक्कम पुरावा तो हाच. मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत हा खड्डा चित्रासकट असतो. मला विचाराल तर अर्धा शोध त्या पंजात आहे. प्रश्न कळतो, हिशेब येतो, वर्षं आठवतात, उत्तर द्यायची इच्छा आहे, आणि तरीही शब्द येत नाही, हे आधी कुणीतरी खाटेशेजारी बसून वेगळं काढलं. म्हणून मग खड्ड्याला अर्थ आला. नाहीतर एका वेडसर म्हाताऱ्याच्या मेंदूत खड्डा, एवढीच नोंद झाली असती. काही महिन्यांनी ब्रोकाला दुसरा पेशंट मिळाला, लेलाँ नावाचा. त्याला पाच शब्द येत होते. त्यातल्या 'तीन' या अर्थाच्या शब्दावर तो सगळे आकडे भागवायचा आणि खरा आकडा बोटांनी दाखवायचा. हे वाचलं तेव्हा मला आमचे हिशेबनीस आठवले आणि एकटीच हसले.

ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, अख्खा जपून ठेवला. त्यामुळे २००७ साली संशोधकांना त्याचा एमआरआय काढता आला. इजा वरून दिसली त्यापेक्षा कितीतरी खोल गेली होती. आज आम्हाला माहीत आहे, की 'ब्रोकाचं क्षेत्र' म्हणतात तेवढाच भाग दुखावला तर वाचा बहुधा कायमची जात नाही. म्हणजे पत्ता जवळपासचा होता, घर नंबर चुकला होता. पण पेशंटचं वर्णन मात्र आजही अक्षरनअक्षर खरं आहे. मी तसे डझनांनी पाहिले आहेत.

आता लेखातल्या इतिहासाबद्दल. लेखकाने मानसशास्त्राचा जन्म १८७९ साली लाइपझिगला, विल्हेल्म वुंटच्या प्रयोगशाळेत लावला आहे आणि पुढे शंभरेक वर्षांनी मेंदूविज्ञान नावाचं तरुण शास्त्र येऊन त्याला मागे टाकतं, अशी कथा रचली आहे. १८७९ ठीक, पाठ्यपुस्तकात तसंच असतं. पण मेंदूबद्दलचं कुतूहल काय परवाचं आहे? इजिप्तमध्ये मृतदेह टिकवताना हृदय जपून ठेवत आणि मेंदू नाकातून काढून टाकत, आणि त्याच इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या एका पपायरसात (लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितात) डोक्याच्या जखमांची नीट वर्णनं आहेत. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी लिहून ठेवलं, की फेफरं हा काही देवाचा कोप नव्हे, त्याचं मूळ मेंदूत आहे. त्यानंतर आलेला ॲरिस्टॉटल म्हणाला, बुद्धी हृदयात, मेंदूचं काम रक्त थंड करणं. (आपण अजून दोघांनाही सांभाळून घेतो. आपलं डोकं फिरतं आणि मन मोडतं. राग डोक्यात जातो आणि शब्द मनाला लागतो. ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण बायका-पुरुष, शिकलेले-अडाणी सगळे ती बिनचूक पाळतात.) १६६४ साली थॉमस विलिसने मेंदूच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या आकृत्या काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा. मला ही गोष्ट उगाचच फार आवडते.

मुद्द्यावर येते. वुंट होता कोण? वैद्यकाची पदवी घेतलेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ. हायडेलबर्गला तो हेल्महोल्ट्झचा सहायक होता. या हेल्महोल्ट्झने १८५०च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं होतं. त्याचे गुरू योहानेस म्युलर यांना वाटे, हा वेग कधी मोजताच येणार नाही. निघाला सेकंदाला तीस मीटरच्या आसपास. घोडा काही त्याच्या फार मागे राहिला नसता! पायाला टोचलेलं डोक्याला कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजता येतो, हे एकदा समजल्यावर मग मनाचे व्यवहार मोजायची इच्छा न होईल तर नवल. वुंटने तेच केलं. त्याच्या १८७४ सालच्या मुख्य ग्रंथाच्या नावातच 'शारीरक्रियात्मक मानसशास्त्र' असे शब्द आहेत. म्हणजे मानसशास्त्राचा पाळणा ज्या घरात हलला ते घर मज्जातंतू मोजणाऱ्यांचंच होतं. अमेरिकेत विल्यम जेम्स, तोही डॉक्टर. १८९०च्या त्याच्या मानसशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात सुरुवातीलाच मेंदूवर प्रकरणं आहेत. फ्रॉइड तर उमेदीच्या काळात खेकड्याच्या जातीच्या प्राण्यांच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. १८९५ साली त्याने सगळं मन चेतापेशींच्या भाषेत मांडायला घेतलं, अर्ध्यावर सोडलं, आणि ते लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १९५० साली छापलं गेलं.

का सोडलं? माझं मत असं, की तेव्हा हातात असलेल्या हत्यारांनी ते जमण्यासारखंच नव्हतं. इटलीत कामिल्लो गोल्जीने १८७३ साली चांदीच्या क्षारांची एक प्रक्रिया शोधली होती. तिच्यात शंभरातल्या थोड्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या दिसतच नाहीत, आणि तोच तिचा गुण. सगळं रान एकदम दिसलं असतं तर एकही झाड दिसलं नसतं. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने तीच प्रक्रिया वापरून दाखवलं, की मेंदू म्हणजे एकसंध जाळं नाही, सुट्या पेशींची वस्ती आहे. गोल्जी शेवटपर्यंत जाळ्यावर ठाम. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जीने नोबेलच्या व्याख्यानातच काहालच्या सिद्धान्तावर हल्ला चढवला. पण अशी एक काळी पेशी कितीही सुंदर असली, तरी तिच्याकडे बघून 'हिला कशाची आठवण येते' असं विचारता येत नाही. आणि तिकडे माणसाची आठवण मोजणाऱ्याला पेशी दिसत नव्हती. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली निरर्थक अक्षरं पाठ करून करून स्वतःच्या विसरण्याचा आलेख काढला, त्यासाठी त्याला मेंदूची गरजच पडली नाही. १९१३ साली जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तर मनालाही बाहेर काढलं. फक्त वर्तन बघा, म्हणाला, आत काय आहे ते विचारू नका. दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं ते भांडण होऊन नव्हे, एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. अशी दुरावलेली नाती आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात.

पुन्हा बोलणं सुरू झालं ते कुणामुळे, हे लेखात नाही, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते तेच. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. फिट काही केल्या आटोक्यात येईनात म्हणून विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने मेंदूच्या दोन्ही बाजूंनी आतला भाग काढून टाकला, त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागाचा, बराच भाग गेला. फिट कमी झाल्या. पण त्यानंतर हेन्रीच्या मनात नवी आठवण टिकेना. त्याला तपासायला माँट्रियलहून आली ब्रेंडा मिल्नर, मानसशास्त्रज्ञ. तिच्याकडे कागद, पेन्सिल आणि आरसा होता. कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी. हात आडोशाखाली, आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, पेन्सिल नेमकी उलट्या दिशेला पळते. मी दरवर्षी नवीन विद्यार्थ्यांना करायला लावत असे आणि चांगले हुशार लोक घामाघूम होत. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईने फिरू लागला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच चकित झाला, की हे अवघड वाटत होतं, पण बरंच जमलं की! आधी आपण हे केलं आहे याची त्याला गंधवार्ता नव्हती. हाताला आठवत होतं, हेन्रीला नव्हतं.

स्मृती ही एक वस्तू नाही, तिचे प्रकार आहेत आणि ते मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळले जातात, या विचाराला त्या चांदणीने पाया दिला. पुढे दशकानुदशकं हजारो उंदीर, समुद्री गोगलगाई आणि महागडी यंत्रं या एका गोष्टीमागे लागली. २००८ साली हेन्री वारला, तोवर जगाला तो फक्त एच. एम. या आद्याक्षरांनी माहीत होता. त्याच्या मेंदूचे २४०१ काप केले आहेत. ते काप मोलाचेच आहेत, पण चांदणी नसती तर कापांना कुणी हात लावला असता?

'न्यूरोसायन्स', म्हणजेच मेंदूविज्ञान, हा शब्द हेन्रीच्या तपासण्या चालू होत्या त्या काळात नुकता रुळू लागला होता. एमआयटीच्या फ्रान्सिस श्मिटने १९६२ साली भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, मानसशास्त्र अशा सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारा एक उपक्रम सुरू केला, आणि १९६९ साली त्या नावाची संस्था उभी राहिली. या टेबलावर मानसशास्त्र पहिल्यापासून बसलेलं होतं. त्यामुळे 'जागा घेतली' म्हणणं मला तरी कळत नाही.

आता तुमचं चित्र. त्या चित्रातला लाल रंग मेंदूत नसतो, संगणक भरतो. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवलं, की प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकाला वेगवेगळं जाणवतं, आणि त्यावर हे चित्र काढणारं यंत्र (एफएमआरआय) चालतं. म्हणजे चेतापेशी काय करतात ते थेट दिसत नाही, त्यांच्यामागे धावणाऱ्या रक्ताची पावलं दिसतात. तीही पाच-सहा सेकंदांनी ठळक होतात. चित्रातल्या एका बारीक ठिपक्यात लाखो पेशी असतात. शिवाय मेंदू सगळाच सतत जागा असतो, नुसता फोटो काढला तर सगळीकडेच काहीतरी चाललेलं दिसेल. म्हणून वजाबाकी करतात. माणसाला एक काम देतात, मग अगदी तसंच पण एका गोष्टीने कमी असलेलं दुसरं काम देतात. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरेल ते त्या एका गोष्टीचं. ही युक्ती यंत्रवाल्यांची नाही. १८६८ साली डच शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कुस दॉन्डर्सने ती छापली होती, आणि त्याच्याकडे यंत्र म्हणजे वेळ मोजायचं साधन. एक अक्षर ऐकून तेच उच्चारायचं, आधी कुठलं अक्षर येणार ते माहीत असताना आणि मग माहीत नसताना. दोन वेळांतला फरक म्हणजे मनाला निवड करायला लागलेला वेळ. तुमच्या लाल ठिपक्याच्या पोटात हे दीडशे वर्षांचं मानसशास्त्र आहे.

आणि प्रेमाचं म्हणाल तर तसे प्रयोग खरोखर झाले आहेत. २००० साली लंडनमध्ये बार्टेल्स आणि झेकी यांनी १७ प्रेमवीरांना यंत्रात निजवून त्यांच्या माणसाचा फोटो दाखवला, मग मित्रमैत्रिणींचे, आणि वजाबाकी केली. काही ठरावीक जागा उजळल्या. बरं, पण हे सतरा जण प्रेमात आहेत हे कशावरून ठरवलं? त्यांना विचारून, आणि मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली प्रश्नावली भरून घेऊन! प्रेम आधी तोंडाने सांगितलं गेलं, मगच त्याला मेंदूत जागा मिळाली. उद्या कुणाच्या मेंदूत ते ठिपके उजळले नाहीत आणि तो म्हणाला 'माझं प्रेम आहे', तर कोणाचं खरं धरायचं, यंत्राचं की त्याचं? मी त्याचं धरेन, आणि माझा अंदाज आहे की झेकीही धरतील.

ही वजाबाकी सांभाळून न केल्यास काय होतं, त्याचं उत्तर २००९ सालच्या एका मेलेल्या माशाने दिलं आहे. क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितलं. मासा मेलेला होता हे पुन्हा सांगते. हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना आकडेशास्त्राची जी दुरुस्ती करावी लागते ती मुद्दाम गाळली, तर माशाच्या मेंदूतही उजळलेली जागा सापडली. दुरुस्ती केल्यावर ती गेली. मला ही शास्त्राची नाचक्की वाटत नाही, उलट घरच्यांनीच घराला दाखवलेला आरसा वाटतो. मानसशास्त्राने तर २०१५ साली स्वतःचे १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि त्यातल्या जेमतेम ३६ टक्क्यांतच ठळक निष्कर्ष पुन्हा हाती लागला. दोन्हीकडची भांडी फुटकी आहेत, भाचे, निवडताना हेही बघ.

एवढं बोलले, तेव्हा माझी स्वतःची चूकही सांगायला हवी, नाहीतर मी मानसशास्त्राची वकील वाटेन. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या. झटका उजव्या मेंदूला, बोलणं जड झालेलं. त्या केस विंचरायच्या ते फक्त उजव्या बाजूचे. पदर डाव्या खांद्यावरून घसरला तरी लक्ष नाही. डावीकडून कुणी हाक मारली की बघत नसत. मुलगी म्हणायची, आईचं कशात मनच राहिलं नाही. मी मान डोलावली. आजाराचा धक्का बसलाय, स्वतःकडे बघायची इच्छा गेलीय, असा माझा निदानाचा सुंदर बंगला तयार झाला. पाच आठवडे मी त्यांच्याशी दुःखाबद्दल बोलत होते. एके दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ असलेले एक सहकारी सहज डोकावले. त्यांनी बाईंना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. गोल नीट आला. मग बाराच्या बारा आकडे त्यांनी उजव्या अर्ध्या भागात कोंबले, एकमेकांच्या डोक्यावर, आणि समाधानाने पेन्सिल खाली ठेवली. डाव्या बाजूचं जगच त्यांच्या खाती नव्हतं. दुःख वगैरे नव्हतंच, होतं ते मी त्यांना चिकटवलेलं.

त्या रात्री मी वाचायला बसले आणि मिलानमधला १९७८ सालचा एक प्रयोग हाती लागला. बिसियाक आणि लुत्सात्ती यांनी अशाच दोन पेशंटना, डोळ्यांसमोर नव्हे, कल्पनेत, मिलानच्या मोठ्या चौकात उभं राहायला सांगितलं, तोंड कॅथीड्रलकडे करून. काय काय दिसतं? त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि उलट बघा. आता ज्या सांगितल्या त्या मघाशी गाळलेल्या! म्हणजे आठवणीत अख्खा चौक शाबूत होता, बघणाऱ्या मनाची डावी बाजू तेवढी बंद. खड्डा मेंदूत आणि हरवलेली बाजू कल्पनेत. याला मेंदूविज्ञान म्हणायचं की मानसशास्त्र, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

असे बंगले बांधणारी मी एकटी नव्हते. स्वमग्न मुलांच्या आयांना 'तुमच्या थंडपणामुळे मूल असं झालं' म्हणून पंधरा-वीस वर्षं झोडपलं गेलं, ब्रुनो बेटलहाइमसारख्या मोठ्या नावांनी ते लोकप्रिय केलं. १९६४ साली या मताला पुस्तक लिहून तोडीस तोड उत्तर देणारा बर्नार्ड रिमलंड मात्र मानसशास्त्रज्ञच होता, आणि अशा एका मुलाचा बाप. दुसऱ्या बाजूचं पाप त्याहून रक्ताळलेलं आहे. मनाचा आजार म्हणजे मेंदूतल्या तारांचा घोळ, तेव्हा तारा कापा, असं म्हणून १९३५ साली एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरांनी अग्रखंडाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यांना १९४९चं नोबेल मिळालं. शांत झालेल्या पेशंटना 'शांत' या शब्दापलीकडे काय झालंय, हे विचारत बसायला फारसं कुणी थांबलं नव्हतं.

भाचीला मी रोजच्या कामातलं एक उदाहरण देणार आहे. खुर्चीचं चित्र दाखवलं. एक पेशंट म्हणाला 'टेबल', दुसरा म्हणाला 'खुच्री'. पहिल्याला अर्थाच्या कपाटात चुकीचा कप्पा उघडला, दुसऱ्याने कप्पा बरोबर उघडला पण आवाज जुळवताना सांडले. दोघांचे उपचार वेगळे. स्कॅनमध्ये दोघांच्या डाव्या मेंदूत डाग दिसतो, आणि त्या डागाकडे बघून कोण टेबल म्हणेल आणि कोण खुच्री, हे मला आजवर कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. पण डाग किती मोठा, सूज उतरते आहे की नाही, पुन्हा झटका येण्याचा धोका किती, हे मला कितीही खुर्च्या दाखवून कळलं नसतं.

हिशेबनीसांचा दुसरा स्कॅन वर्षाने झाला. मधल्या काळात आम्ही आकड्यांच्या चालीवर शब्द बसवले, चालीत म्हणायला लावले, मग हळूहळू चाल काढून घेतली. रिपोर्ट आला, 'पूर्वीच्या तुलनेत बदल नाही.' मी तो वाचत होते तेव्हा बायकोने त्यांना विचारलं, "दमलात का?" आणि ते म्हणाले, "नाही." झटका आल्यापासूनचा त्यांचा पहिला नकार. बायको रडायला लागली, आणि मला रिपोर्ट कुठे ठेवला ते नंतर बराच वेळ सापडेना.

तेव्हा संपादक महोदय, मागणी एवढीच. यापुढे असं रंगीत चित्र छापाल तेव्हा खाली तीन गोष्टी द्या: माणसं किती होती, त्यांना काय करायला सांगितलं होतं, आणि कशातून काय वजा केलं. दीड ओळीत बसतं.

आपली,
एक निवृत्त वाचाउपचारतज्ज्ञ

ता. क. लेखाच्या शेवटी 'आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो' असंही एक वाक्य आहे. ते खरं असतं तर झटका आलेल्या दहातल्या नऊ जणांचं काहीच बिघडलं नसतं, आणि मला एकतीस वर्षं कुणी पगार दिला नसता.